एका घरात एकच फोन

किराणा दुकानाबाहेर गरिबांना सरकारी फुकट फोन देणाऱ्यांचा तंबू लागला, तशी व्हर्लीन दुखरे गुडघे सांभाळत रांगेत जाऊन उभी राहिली.

"मावशी, एका घरात एकच फोन मिळतो," तंबूतली पोरगी म्हणाली. "तुमच्या पत्त्यावर परवाच एक दिलाय."

"डोकं फिरलंय का तुझं? मी एकटी राहते!"

पोरीने स्क्रीन तिच्याकडे वळवली. लामॉन्ट पेटिग्रू.

व्हर्लीनच्या लेकाचं नाव. 'हे माझं घर नाही' असं ओरडून लेक निघून गेला, त्याला वर्षं लोटली होती. तो जिवंत आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं.

"खोटा पत्ता दिलाय का त्याने? बंद करू त्याचा फोन?"

"खबरदार!" व्हर्लीन किंचाळली. "त्याचंच घर आहे ते."