गेथिनच्या कपड्यांची गोधडी

“गेथिनची पिशवी आणलीस ना?” आईने विचारलं, आणि तेग्वेन चहा ओतता ओतता थांबली.

आईवडिलांच्या खोलीत कपाटाच्या वर ठेवलेली, सुतळीने तोंड बांधलेली ती पिशवी. गेथिन तेग्वेनचा धाकटा भाऊ. एका सकाळी होडी घेऊन कार्डिगनच्या खाडीत गेला आणि बुडाला. त्याच्या कपड्यांची गोधडी करायची असं आई तेव्हापासून म्हणत आली होती. वीस वर्षं झाली तरी पिशवीची गाठ सुटली नव्हती.

गेल्या महिन्यात वडील वारले. आईला एकटीला शेतावर ठेवणं शक्य नव्हतं. तिच्या डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. तेग्वेनने दुकानातून दोन दिवसांची सुट्टी काढली, आईला आपल्या घरी आणलं आणि जुनं घर रिकामं केलं. चॅपलच्या बायका गरजूंसाठी कपडे गोळा करायला आल्या, तेव्हा ती जिन्यावरून एकेक बोचकं खाली ढकलत होती. त्यात ती पिशवीही गेली. लक्षात आल्यावर तिने फोनावर फोन केले. सगळं केव्हाच वाटून झालं होतं.

“आणली की,” ती म्हणाली. “माळ्यावर ठेवलीय.”

आईचा चेहरा उतरला. तेग्वेनला वाटलं, मुलाच्या आठवणीने.

“राहू दे तिथंच,” आई म्हणाली. “मला आता सुईसुद्धा दिसत नाही.”

“तू सांग, मी टाके घालते. या हिवाळ्यात करूनच टाकू.”

आई नको म्हणत राहिली, आणि ती जितकं नको म्हणे, तितकी तेग्वेनला स्वतःची जास्त चीड येई. शेवटी एका शनिवारी ती शेजारच्या गावी गेली आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांतून पोरांचे सदरे, शाळेच्या पँटी, कोपरांवर विरलेला एक लोकरी स्वेटर, असं काय काय घेऊन आली. पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, हातांनी चोळून तिने ते मऊ केले. मग त्यांचे चौकोन कापले.

पहिला तुकडा तिने आईच्या हातात दिला. आईची नजर गेली असली तरी बोटं अजून शाबूत होती. तिने कापड उलटसुलट चाचपलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा पहिल्यापासून चाचपलं.

“हा त्याचा पाठांतराच्या स्पर्धेतला सदरा,” आई म्हणाली.

तेग्वेनने सुस्कारा सोडला.

मग आईने ती हकीकत सांगितली. चॅपलमध्ये सगळ्यांसमोर गेथिन मधलंच कडवं विसरला आणि न गडबडता स्वतःच्या मनाने चार ओळी रचून म्हणून मोकळा झाला. परीक्षक पास्टरसाहेबांना पत्ताही लागला नाही. वर बक्षीसही मिळालं. सांगताना आई हसली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघी चुलीपाशी बसू लागल्या. चौकटीवर कापड ताणलेलं, आत शेतावरच्या मेंढ्यांची लोकर. कुठे चक्र घालायचं, कुठे पान, हे आई बोटाने रेखून दाखवी आणि तेग्वेन त्यावरून दोरा घाली. प्रत्येक तुकड्याची आईकडे एक हकीकत होती. डुकराचं आजारी पिल्लू सदऱ्यात लपवून गेथिनने बिछान्यात घेतलं होतं. शेजारणीच्या मुलीसाठी सफरचंदं चोरताना पँट कुंपणाला अडकून फाटली होती. तेग्वेन तेव्हा स्वॉन्झी शहरात नोकरीला होती. यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. भाऊ तिला आत्ता कुठे भेटत होता, तोही परक्या पोरांच्या कपड्यांतून. तिला सुई दिसेनाशी होई.

स्वेटरचा तुकडा हातात घेतला त्या संध्याकाळी मात्र आई हसली नाही.

“त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं,” ती म्हणाली. “गवत कापायचं सोडून होडी घेऊन निघाला. मी म्हटलं, जा, परत तोंड दाखवू नकोस. हे मी तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नाही.”

तेग्वेनने सुई कापडात टोचून ठेवली. एवढं मोठं दुःख आईने भलत्याच चिंधीपाशी मोकळं केलं होतं.

मार्चमध्ये गोधडी पुरी झाली. तेग्वेनने ती आईच्या मांडीवर पसरली. आई कडेवरून सावकाश हात फिरवू लागली, आणि तेग्वेनला ते बघवेना.

“आई, यातलं काहीही गेथिनचं नाही,” ती म्हणाली. “त्याची पिशवी मी घर आवरताना देऊन टाकली. न बघता. हे सगळं मी विकत आणलं.”

आईचा हात थांबला.

“न बघता? उघडलीसुद्धा नाहीस?”

“नाही. मला माफ कर.”

“आणि मी सगळा हिवाळा समजत होते की तू उघडलीस,” आई म्हणाली. “माझी लाज राखायला तू ही कापडं आणलीस, असं वाटलं मला. म्हणून मीही बोलत राहिले.”

“लाज कसली?” तेग्वेनने विचारलं.

“तुझे वडील रोज रात्री त्या पिशवीवर हात ठेवायचे आणि मगच निजायचे. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? आत जुने पडदे होते, पोरी. त्याला पुरलं त्याच आठवड्यात गेथिनचं एकूण एक कापड मी परसात जाळलं.”