सव्वा रुपयाचा मान

नमिताचे आठ हजार रुपये एका बटणावर येऊन थांबले होते.

हिशेब सरळ होता. बाटल्यांचं बिल आठ लाखांचं. बाटल्या पुरवणाऱ्या अल्पेशभाईचा सकाळी मेल आला होता की, जुनं खातं बंद केलंय, आज बाराच्या आत नव्या खात्यात पैसे भरा आणि दोन टक्के सूट घ्या. म्हणजे सोळा हजार वाचणार. आणि धंद्याचा जो पैसा नमिता वाचवील त्यातला अर्धा तिचा, असा मालकांचा, बळवंतकाकांचा, शब्द होता. काका शब्दाचे पक्के. तो शब्द त्यांच्या तोंडून काढायला मात्र नमिताला चार वर्षं लागली होती.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात कोकमाचं सरबत भरलं जायचं. मार्च लागला होता, पिंपं तुडुंब होती, आणि बाटल्या भरायला सहा बायका येऊन बसल्या होत्या. खात्यात होते ते सगळे मिळून साडेआठ लाख. हे पैसे चुकीच्या जागी गेले, तर उन्हाळा गेला. उन्हाळा गेला, की गाळाही गेला.

"काका, पावणेबारा झाले. भरू?"

"सव्वा रुपयो धाडलंस?" बळवंतकाकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

नमिताने कपाळावर हात मारला. काकांची ती खोड. मालवणाहून येताना माणसं खाजं आणतात, काकांनी ही खोड आणली होती. नव्या खात्यात मोठी रक्कम भरायची, तर आधी सव्वा रुपया पाठवायचा. देवापुढे ठेवतात तसा, मान म्हणून. समोरच्यानेही सव्वा रुपया उलट पाठवायचा. दोन्हीकडचा मान पोचला, की मग सौदा. बँकेतल्या साहेबांनीसुद्धा एकदा हात जोडले होते, पण काका बधले नव्हते.

तिने सव्वा रुपया पाठवला आणि तसा मेल केला. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'सव्वा रुपया मिळाला. खातं बरोबर आहे. बाकीची रक्कम ताबडतोब भरावी. शेठ दवाखान्यात आहेत, फोन करू नये.'

"आली पोच," नमिता म्हणाली. तिचं बोट बटणावर गेलं होतं.

"पोच नको. आपलो सव्वा रुपयो इलो?"

"नाही आला. अहो काका, माणूस दवाखान्यात आहे. आठ लाखांच्या व्यवहारात सव्वा रुपयावरून अडून बसायचं का? दहा मिनिटं राहिलीत. सूट जाईल."

"गे बाय," काकांनी पेपराची घडी घातली, "अल्पेश गुजराती माणूस. पाच वर्षांमागे पहिल्या सौद्याक तेनी सव्वा रुपयो परत धाडलो आणि वर माका विचारल्यान, अजून कोणाकोणाक धाडू? तो माझो मान ठेवून घेवचो नाय. फोन लाव तेका."

"फोन करू नका म्हणतायत."

"म्हणान तर लाव."

नमिताने नाइलाजाने नंबर फिरवला. तिच्या डोळ्यांसमोरून आठ हजार हळूहळू चालू लागले. पलीकडे पहिल्याच घंटीला अल्पेशभाईचा खणखणीत आवाज आला.

"कसला दवाखाना? हूं तो गोदामात उभा हाय. तुमच्याच बाटल्या मोजतोय. आणि नवीन खाता कसला? माझा खाता तर तोच जुना हाय."

नमिताने त्याला सकाळचा मेल वाचून दाखवला.

"नमिताबेन," अल्पेशभाई म्हणाला, पण आवाज खाली बसला होता. "मेल तर माझ्याच पत्त्यावरून आलाय ना? मग असा मेल बाकीच्या पार्ट्यांना पण गेला असेल."

नमिताने बटणावरचं बोट असं उचललं, जसं तव्यावरून उचलतात. मग तिने सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला, आणि तिथून रिक्षा करून थेट पोलिसांचा सायबर विभाग गाठला. तिथे टेबलामागे संघमित्रा नावाच्या मॅडम अर्ज भरून घेत होत्या.

"किती गेले?"

"सव्वा."

"सव्वा लाख," मॅडम लिहू लागल्या.

"नाही मॅडम. सव्वा रुपया."

पेन थांबलं. मॅडमनी नमिताकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढली.

"नुसता मेल घेऊन आला असतात, तर अर्ज ठेवून घेतला असता. पण तुमचे पैसे गेलेत. व्यवहाराचा नंबर आहे, खातं आहे, वेळ आहे. आणा इकडे."

संध्याकाळच्या आत ते खातं गोठलं. त्यात अकरा लाख छत्तीस हजार निघाले. अल्पेशभाईच्या तीन गिऱ्हाइकांनी त्याच सकाळी, सवलतीच्या मोहाने, डोळे मिटून भरलेले. तिघांनाही ते महिन्या-दीड महिन्यात परत मिळाले. त्या तिघांतल्या एकाने तर गाळ्यात येऊन काकांचे पाय धरले. काकांनी त्याला सरबत पाजलं आणि जाताना दोन खोकी गळ्यात मारली.

अल्पेशभाईने बाटल्या वेळेवर पाठवल्या. शिवाय बिलात दोन टक्के खरोखरच सोडले. म्हणाला, मेलमध्ये माझ्या नावाने लिहिलंय, तर माझं नाव खोटं पडायला नको.

ते बिल भरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नमिताच्या फोनवर बँकेचा संदेश आला. तिने तो दोनदा वाचला.

"काका, सात हजार नऊशे अठ्ठ्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे?"

"मगे? चोराक सव्वा रुपयो कोणी धाडलो?"

"तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलंय मी. धाडलंस तू."

नमिताने वाद घातला नाही. हसू आवरत तिने वही ओढली आणि जमाखर्च मांडला. अल्पेशभाईने सोडले सोळा हजार. चोराच्या हातून सुटले अकरा लाख छत्तीस हजार. बळवंतकाकांनी भरला शून्य रुपया, शून्य पैसा. आणि या सगळ्या लढाईचा खर्च आला एकूण सव्वा रुपया, तो नमिताने स्वतःच्या खिशातून भरला.