आतला मीटर

"खरं सांगा अम्मा, हा माणूस कधी आत येऊन मीटर बघायचा का?" वीज कार्यालयाच्या साहेबांनी शिडीवरूनच विचारलं.

कोमळवल्लीनं दाराकडे पाहिलं. मीटरचे आकडे लिहून नेणारा तंगरासु ओट्यावर उभा होता, चपला काढून, उंबऱ्याच्या बाहेर. आजसुद्धा तो आत आला नव्हता. बाई एकटी राहते त्या घरात परक्या पुरुषानं शिरायचं नाही, ही कुंभकोणमच्या त्या गल्लीची रीत; साहेब तपासणीचा हुकूम घेऊन आले, म्हणूनच आत. मीटर मात्र आतल्या खोलीच्या दारावर, पार छताशी. म्हणून तिचा नवरा गेल्यापासून तंगरासु बाहेरूनच हाक मारायचा, "अक्का, आकडा सांगा!" ती एकेक आकडा ओरडून सांगायची, तो मोठ्यानं परत म्हणत लिहून घ्यायचा. मग गुडघे कसे आहेत, उडीद किती महागलाय, मुलीचा फोन येतो का, हे सगळं उंबऱ्याच्या दोन बाजूंनी चालायचं. इडलीचं पीठ न्यायला गिऱ्हाइकं दिवसभर यायची, पण ती भांडं पुढे करत आणि पैसे टाकून पळत.

आता पीठ वाटायच्या ग्राइंडरनी खाल्लेली वीज आणि तिनं सांगितलेले आकडे यांत जमीनअस्मानाचा फरक निघाला होता. मागची सगळी बाकी भरायची, नाहीतर वीज तुटणार. एक ग्राइंडर विकल्याशिवाय ते जमणार नव्हतं.

साहेब खाली उतरले. "हा माणूस मीटर न बघताच आकडे लिहायचा, एवढं लेखी द्या. तुमचं बिल माफ करायला बघतो. याच्या नोकरीचं काय ते हा बघेल."

"द्या अक्का, लिहून द्या," तंगरासु बाहेरून म्हणाला. "चूक माझीच आहे."

"तू गप्प रे, तंबी!" धाकट्या भावाला दटावावं तशी ती म्हणाली. "शहाणपणा नको करूस."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मीटरवरचे आकडे दिसायचे केव्हाच बंद झाले होते. मागच्या आकड्यात थोडी भर घालून ती बिनदिक्कत ठोकून द्यायची. दिसत नाही म्हणाली असती, तर आकडा विचारायला तो थांबला कशाला असता? एवढ्यासाठी कुणी खोटं बोलतं का? बोलतं. एकट्या माणसाला विचारून बघा.

"मला दिसत नाही, साहेब," ती म्हणाली. "मीच मनानं सांगत होते. त्याचं नाव घेऊ नका. सगळे पैसे मी भरते."

बाहेर तंगरासुनं मान खाली घातली. साहेबांनाही कसंनुसं झालं. "बरं, तुमचीच तक्रार नसेल तर मी कशाला वाढवू? हप्ते करून देतो. आणि उद्याच माणूस पाठवून मीटर बाहेर, रस्त्याच्या भिंतीवर काढून देतो. फुकट."

पैशांबद्दल जराही कुरकुर न केलेली कोमळवल्ली एकदम कासावीस झाली. "नको, साहेब. आहे तिथंच राहू द्या. मी ऑपरेशन करून घेते. चष्मा लावते."

साहेब हसले. "अहो, तुमच्याच सोयीचं करतोय. हा रस्त्यावरूनच बघून निघून जाईल. यापुढे तुम्हाला कुणी हाकसुद्धा मारणार नाही."