चातुर्मासातली वास्तुशांत

चातुर्मासात कोणी वास्तुशांत करतं का, असं पुटपुटतच गुरुजींनी होम पेटवला. कार्तिकानंतर चांगले मुहूर्त होते. पण गुरुदत्तला ऑगस्टचा हा शेवटचा शनिवारच हवा होता, आणि एकदा त्यानं मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

बरं, यजमानाशेजारचा पाट रिकामा. मिसेस दुपारी पोचतायत, फ्लाइट लेट आहे, असं त्यानं सांगितलं. मग गुरुजींनी त्याच्या कमरेला बायकोच्या जागी सुपारी खोवायला लावली आणि संकल्प सोडला.

कॅनडातल्या किचनरच्या मराठी मंडळात गुरुदत्तचं भारी कौतुक. दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये राहून, लोकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून त्यानं सुरुवात केली. आता थंडीत त्याचे बर्फ काढायचे ट्रक गावभर फिरतात. शून्यातून वर आलेला माणूस, कुणाच्या पाच पैशांचा मिंधा नाही, असं सगळे म्हणत. मिसेस पुण्यात आईच्या आजारपणात अडकल्यात, एवढंच तो सांगायचा. फार खोदून कुणी विचारत नसे.

एकटं राहून राहून तो पार विटला होता. संध्याकाळी घरी आला की आधी टीव्ही लावायचा, नुसता आवाज हवा म्हणून. हे एवढं मोठं घर त्यानं घेतलं ते विजयालक्ष्मीसाठी. पुण्यात तिनं एकदा विचारलं होतं, "आपण राहायचं कुठे, गुरुदत्त?" तेव्हा तो कॉट बेसिसवर राहायचा. आज ती येणार, सगळ्या खोल्या बघणार, मागच्या खिडकीशी बसून चहा घेणार. बाकी कशाची हौस त्याला उरली नव्हती.

जेवणं झाली तशी त्याची घाई सुरू झाली. उरलेला मसालेभात, जिलब्या डब्यांत भरून तो एकेकाला गाडीपर्यंत सोडून येऊ लागला. बायको येणार म्हणून गडी कसा उतावळा झालाय बघा, अशी सगळ्यांनी चेष्टा केली. तोही हसला.

सगळे गेले, पण मंडळाच्या चित्राताई काही हलेनात. घरची लक्ष्मी पहिल्यांदा घरात पाऊल टाकणार आणि ओवाळायला बाईमाणूस नको? दमलात, घरी जा, असं त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. ऐकतील तर त्या चित्राताई कसल्या! त्यांनी निरांजन लावलं आणि नव्या नवरीसाठी ठेवतात तसं तांदळाचं माप दारात ठेवलं.

तेवढ्यात गाडी आलीच. मागच्या सीटवर उशा, बादली, बॅगा खच्चून भरलेल्या. पुढून विजयालक्ष्मी उतरली. केस पिकले होते, चाल मात्र तीच. ती खरंच आली होती.

ती भराभर पायऱ्या चढली. दारातलं माप दिसलं आणि तिनं उचललेलं पाऊल मागे घेतलं.

"अहो, आपल्या अक्षराला घेऊन तिथेच थांबा जरा, तिच्या हॉस्टेलवर सामान टाकायला वेळ आहे अजून," तिनं गाडी चालवणाऱ्या गृहस्थांना हाक मारून सांगितलं. मग बाजूला सरकत हळूच म्हणाली, "गुरुदत्त, वहिनी अजून यायच्यात वाटतं?"