शेपटीवाले ठिपके

"हलू नका," ती म्हणाली. नवरा उघड्या पाठीने पालथा पडला होता आणि डाव्या खांद्याखालच्या तिळावर भिंग धरून ती त्याचं चित्र काढत होती.

संग्रहालयात बावीस वर्षं ती किड्यांची चित्रं काढत आली होती. ठिपक्याला ठिपका लावून, पाचपट मोठी, खाली मापाची रेघ. दिसतं तेवढंच काढायचं, मनाचं काही घालायचं नाही. सहा महिन्यांपूर्वी तिने हा तीळही असाच काढून ठेवला होता.

दिराने असाच वाढता तीळ दुर्लक्ष करून अंगावर काढला होता. शेवटी दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. नवऱ्याने त्यातून धास्ती घेतली ती दवाखान्याचीच. हल्ली तो आरशाकडे पाठ करून, मान मागे वळवून उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, बस चालवून मान अवघडलीय. फार मागे लागल्यावर एवढंच म्हणाला, "तुझ्या चित्रात वाढलेला दिसला, तर मुकाट्याने येईन."

आज कडेचे ठिपके देताना तिने भिंग आणखी जवळ नेलं. कड दातेरी होती. तीळ मोठाच वाटत होता. तिने खणातून जुनं चित्र काढून शेजारी ठेवलं.

जुना तीळ नव्याहून मोठा होता. कडही तशीच दातेरी.

"अहो, वाढला नाहीये. उलट केसभर कमीच आहे." तिला रडू फुटलं.

"मी काय सांगत होतो? उगाच भुंग्यांच्या पंगतीत बसवलंस मला," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

जुनं चित्र परत खणात ठेवण्याआधी तिने सवयीने त्यावरून भिंग फिरवलं. मधले ठिपके गोल होते. लेखणी उभी टेकवायची, उभीच उचलायची. तिच्या हाताला ते झोपेतही चुकलं नसतं. कडेच्या दोन ओळींतल्या प्रत्येक ठिपक्याला मात्र बारीक शेपटी होती. नवख्या हाताने लेखणी ओढली की येते तशी. घरात ती दोघंच राहत होती.

तिने दोन्ही चित्रं पिशवीत घातली.

"सदरा घाला," ती म्हणाली. "आपण निघतोय."

तो उठून सदरा शोधू लागला. कुठे, ते त्याने विचारलं नाही.