नारूला आलेल्या देवी

वादळात होडी हाकणारा नारू सुईचं नाव काढलं की गारठायचा. देवी टोचणारे साहेब धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर आले, तसा त्याने आधी गाल पुढे केला.

"मला टोचायचं कारण नाही, साहेब. मला देवी येऊन गेल्यात. हे बघा वण!"

"खरंय," बाजूला बोंबील वाळत घालणारी त्याची बायको मालू म्हणाली. "आमच्या लग्नाआधीच आल्या होत्या यांना."

देवी कसल्या! ऐन विशीत मोजकीच मुरमं आली होती, पण नारूला धीर कुठला? आरसा घेऊन तो एकेक नखाने फोडायचा आणि वर पानाचा चुना थापायचा. मुरमं गेली, खड्डे तेवढे राहिले.

साहेब मात्र खूश झाले. "वा! म्हणजे तुला पुन्हा लागण व्हायची भीती नाही. कैनाडला एका घरात सगळ्यांना देवी आल्यात, कोणी जवळ जाईना. चल, त्यांची सेवा करायला तुलाच नेतो."

नारूने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या. "मुरमांचे वण आहेत ओ हे! टोचा, पाहिजे तर दोन्हीकडे टोचा!"

टोचून झालं तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. समोर मालू उभी होती, हातात ओला बोंबील तसाच.

"म्हणजे देवीने तुम्हाला वाचवलं म्हणून दर वर्षी शितळासातमीला चूल न पेटवता मी शिळं खाते, ते या मुरमांसाठी?"