मर्तबानचा शेवटचा शॉट

“आंटी, दाँत लगा दिए हैं. अब बोल नहीं पाएँगे,” अनुष्का म्हणाली आणि मुडद्याच्या गालावर पावडरचा शेवटचा हात फिरवून बाजूला झाली.

अरुणानं मान डोलावली. समोर खोक्यावर बसलेल्या मुडद्याचं अर्धं तोंड रबर आणि कापसाच्या जखमेनं झाकलं होतं. त्यातून पिवळे सुळे बाहेर आले होते. सुश्रुतच्या निळ्या चौकडीच्या शर्टावर बिटाचं रक्त ओघळलं होतं. शर्ट पोटावर जरा ताणला होता.

लखनौच्या वेशीवरच्या चिनहटमधल्या बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात ‘मर्तबान’चा शेवटचा शॉट व्हायचा होता. कथा सुश्रुतची. जुन्या बावडीच्या खोदकामात लाखेनं बंद केलेला एक मर्तबान सापडतो, एक अतिशहाणा तो उघडतो आणि हजारो वर्षं आत कोंडलेलं पाप बाहेर पडून लखनौभर मेलेली माणसं उठतात. त्या अतिशहाण्याची भूमिका सुश्रुतनं स्वतःसाठी ठेवली होती. मर्तबान म्हणजे अरुणाची लोणच्याची बरणी, पापाचा धूर म्हणजे लोबान आणि मुडदे म्हणजे कॉलेजातले मित्र. सिनेमातल्या आईच्या कामाला फुकटात त्याच्या स्वतःच्या आईशिवाय, अरुणाशिवाय, दुसरी कोण मिळणार?

जानेवारीत थांबलेलं शूटिंग आज पुन्हा सुरू झालं होतं. कॅमेरा विपुलकडे होता. हा सुश्रुतचा जिवलग एरवी शिवी हासडल्याशिवाय वाक्य सुरू करत नसे. आज अगदी हळू बोलत होता.

“बायाँ कंधा थोड़ा और नीचे. हाँ, बस. यही चाल.”

मुडदा डावा खांदा पाडून, पाय ओढत दारापर्यंत गेला आणि परत आला. दोन-चार तालमींतच दमला आणि गुडघ्यांवर हात टेकत खोक्यावर बसला.

लाइट लावायला वेळ होता. अरुणानं ताकाच्या पेल्यात स्ट्रॉ घातली आणि ती त्याच्या सुळ्यांमधून आत सरकवली.

“पी रे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

तो प्यायला. एरवी ती मराठीत बोलायची आणि सुश्रुत हिंदीत उत्तर द्यायचा, ‘हाँ आई, पी लूँगा यार.’ आईला कुणी यार म्हणतं का, यावरून रोजचा वाद. आज तेवढंही नव्हतं. अरुणाचा जीव गलबलून आला.

“बाबांवर राग धरू नकोस,” ती एकदम म्हणाली.

मुडदा प्यायचा थांबला.

अरुणाचे यजमान श्रीपाद रेल्वेतले निवृत्त इंजिनियर. मुलानं चांगली नोकरी सोडून भुताखेतांचे सिनेमे काढावेत, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या घरात उठल्याबसल्या खटके उडायचे. जानेवारीतल्या शेवटच्या भांडणात ते म्हणाले होते, “आजपासून तू मला मेलास.” सुश्रुतनं मोटरसायकलची किल्ली उचलली आणि तो गेला.

“रागात बोलले रे ते,” अरुणा म्हणाली. “तू गेल्यापासून तुझ्याच खोलीत झोपतात. एकटेच तुझ्या जुन्या फिल्मा बघत बसतात. मला दिसतं सगळं, मी बोलत नाही इतकंच.” तिनं त्याचा रंगवलेला हात हातात घेतला. “त्यांना माफ कर. बोलता येत नसेल तर नुसती मान हलव.”

मुडद्यानं मान हलवली. नाही म्हणून.

“सुश्रुत, ऐक माझं. म्हातारं माणूस आहे. आतल्या आत जळतंय रे ते.”

पुन्हा नाही. पावडरीतून दोन ओघळ खाली उतरले. अनुष्का ब्रश घेऊन धावली, जवळ आली आणि तशीच पाठ फिरवून उभी राहिली. अरुणाला रागही आला आणि कीवही आली. माणसानं इतकं हट्टी असावं?

“आंटी, लाइट रेडी है,” विपुलनं हाक मारली.

सिनेमाचा शेवट साधा होता. सगळं शहर दारं लावून बसलेलं असतं. मुडदा झालेला तो अतिशहाणा आपल्या घराचं दार वाजवतो. बाहेर काय उभं आहे हे ठाऊक असूनही आई दार उघडते आणि ते पाप घरात शिरतं.

दार वाजलं. अरुणानं उघडलं. लोबानच्या धुरात तो निळा शर्ट, तो पडलेला खांदा. तिनं किंचाळायचं असं ठरलं होतं. तिनं त्याला घट्ट कवटाळलं आणि ती ढसाढसा रडली. बऱ्याच वेळानं विपुल ‘कट’ म्हणाला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

अनुष्कानं दात काढले. खोबरेल तेलाच्या बोळ्यानं रबर सोडवलं. खालची पांढरी मिशी मोकळी झाली. तोंड पुसून झालं तरी श्रीपाद डोळे मिटून बसून राहिले.

“अहो,” अरुणा म्हणाली, “हो म्हणायचं होतं. तो असता तर हो म्हणाला असता.”